लाटांजवळ घर शोधताना सर्फलाइन : वापरून लिहिलेला रिव्ह्यू

परदेशात सर्फिंगसाठी चांगल्या लाटांजवळ राहायचं आणि तिथूनच नोकरी करायची असं ठरलं की लोक आधी घरं बघतात, मग व्हिसा, मग इंटरनेटचा वेग. माझं मत असं की या सगळ्याच्या आधी लाटांच्या अंदाजाचं एक ॲप घ्यावं आणि निघण्यापूर्वी काही महिने ते रोज वाचावं. उद्या पाण्यात उतरायचं की नाही एवढ्यापुरतंच बहुतेक जण ते उघडतात. पण नीट वाचलं तर त्यातून फार मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं : मी कामातून मोकळी असते त्या तासांना त्या गावातला समुद्र कसा असतो?

अशा ॲपांपैकी मी सर्फलाइन वापरते, पैसे भरून. आधी मॅजिकसीवीड या तशाच सेवेवर होते. ते २०२३च्या मे महिन्यात सर्फलाइनमध्ये विलीन झालं आणि माझ्यासारखे बरेच जण आपोआप इकडे आले. सर्फलाइन मूळची कॅलिफोर्नियाची. १९८५ साली ती सुरू झाली तेव्हा ती फोनवरची सेवा होती. लोक पैसे मोजून नंबर फिरवायचे आणि कुठल्या किनाऱ्यावर किती लाट आहे ते ऐकायचे. शॉन कॉलिन्स या, स्वतःच्या हिमतीवर हवामानशास्त्र शिकलेल्या माणसाच्या अंदाजांमुळे तिचं नाव झालं. आज तिचं स्वतःचं लाटांचं मॉडेल आहे, लोटस नावाचं, आणि जगभरच्या किनाऱ्यांवर कॅमेरे आहेत. मॉडेल, कॅमेरे आणि भरती-ओहोटीचा आलेख एकाच पडद्यावर मिळतात, हे तिचं खरं बळ.

माझी परिस्थिती सांगते, कारण या रिव्ह्यूतलं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझी टीम न्यूयॉर्कच्या वेळेने चालते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे पोर्तुगालमध्ये दुपारचे दोन. त्यामुळे दुपारी दोन ते रात्री दहा मी खुर्चीत असते आणि सकाळ पूर्ण माझी. नवरा एका जर्मन कंपनीत आहे. त्याचा दिवस सकाळी आठला सुरू होतो आणि चार-साडेचारला संपतो. आम्ही राहतो एरिसेरात, लिस्बनच्या वायव्येला, गाडीने साधारण पाऊण तासावर. २०११ मध्ये इथल्या किनारपट्टीला जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, युरोपातला पहिला. काही किलोमीटरच्या पट्ट्यात रिबेरा द'इल्यास, कॉशुश, पेद्रा ब्रांका, साव लोरेन्सू अशा एकाहून एक लाटा आहेत. गाव निवडताना मात्र या नावांवर मी भुलले नाही. मी सर्फलाइनच्या अंदाजाच्या तक्त्यात सकाळी सात ते दुपारी एक या वेळेचे रकाने वाचत गेले. वर्षातले बहुतेक महिने गाव त्या रकान्यांत उत्तीर्ण झालं, तेव्हाच बॅगा भरल्या.

आता रकाना वाचायचा कसा, ते थोडं सविस्तर लिहिते. लोक नेमकं इथेच घाई करतात.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळचा रकाना माझ्या वहीत उतरवलेला आहे. स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्या-वादळाने उठून इथवर आलेली लाट : १.६ मीटर, १५ सेकंद, पश्चिम-वायव्येकडून. त्याखाली दुसरी ओळ : ०.६ मीटर, ८ सेकंद, उत्तर-वायव्येकडून. वारा पूर्वेचा, अगदी मंद. शेजारी किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेची उंची वेगळी लिहिलेली, माणसाच्या अंगाच्या मापात : छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत. पहिल्या ओळीत १.६ मीटर असताना लाट डोक्यावरून कशी जाईल, असं नवख्या माणसाला वाटतं. उत्तर १५ सेकंदांत आहे. दोन लाटांमधलं अंतर १५ सेकंदांचं असेल तर ती लाट खूप दूरच्या वादळातून आलेली असते आणि तिची ताकद वरवर दिसते त्यापेक्षा बरीच खोल गेलेली असते. खोल समुद्रात १५ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण ३५० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे १७५ मीटरवरच, तिला तळ जाणवायला लागतो. तिथपासून ती वळते, आवळली जाते, आणि खडकाच्या टोकावर येईपर्यंत मूळ उंचीपेक्षा मोठी होऊन उभी राहते. आठ सेकंदांची लाट ५० मीटर खोलीपर्यंत काही कळूच देत नाही. किनाऱ्याजवळ येते, विस्कटते, संपते. म्हणून मी उंचीच्या आधी सेकंद वाचते. एक मीटर आणि १४ सेकंद असेल तर उठते. दीड मीटर आणि ७ सेकंद असेल तर पुन्हा झोपते.

रकान्यातल्या स्वेलच्या आकड्याबद्दल अजून एक. समुद्रशास्त्रात लाटेची उंची म्हणून जो आकडा चालतो तो म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज हवा होता. हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी त्या वेळी ही पद्धत बसवली. सरासरी म्हटल्यावर तिच्या वरच्याही लाटा येणारच. सकाळभरात एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट असते. अनोळखी खडकाळ जागी उतरण्याआधी किनाऱ्यावर उभं राहून दोन-तीन सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, जाऊ द्यायचे ते त्यासाठीच.

त्या नोव्हेंबरच्या सकाळी मी रिबेरा द'इल्यासच्या वरच्या रस्त्यावर गाडी लावून बघत होते. सेट आला की आधी दूर क्षितिजाजवळ पाणी काळपट होत होतं. मग टोकाच्या खडकापाशी पहिली लाट उभी राहायची. पूर्वेचा वारा तिच्या कड्यावरचं पाणी मागे उडवायचा आणि ती उजवीकडे सोलत, एकसारख्या गतीने, खाडीभर पुढे जायची. वहीतली पहिली ओळ ती हीच. दुसरी ओळही दिसत होती : मोठ्या लाटांच्या मधल्या शांततेत एक बारीक, तिरकी हालचाल पाण्यावर सरकत होती. ॲपवर दोन ओळी वेगळ्या दाखवतात याचा उपयोग तेव्हा कळतो. दुसरी ओळ मोठी झाली की तीच लाट खडबडीत होते.

स्वेलच्या बाबतीत सर्फलाइनवर माझा भरवसा आहे, आणि त्याला कारण आहे. १६ सेकंदांच्या लाटांचा जथा खोल समुद्रातून ताशी साधारण ४५ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, म्हणजे दिवसाला हजारएक किलोमीटर. उत्तर अटलांटिकमध्ये वादळ होऊन गेलं की त्याची लाट आमच्याकडे पोचायला दोन-तीन दिवस लागतात. वादळ घडून गेलेलं असतं, मोजलेलं असतं. उरतो तो प्रवासाचा हिशेब. दोन-तीन दिवस आधी दिलेला मोठ्या स्वेलचा अंदाज सहसा काही तासांच्या फरकाने खरा ठरतो. सोळा दिवसांचा अंदाज सदस्यांना दिसतो, पण त्यातला दुसरा आठवडा मी फक्त नजरेखालून घालते. ज्या वादळाचा जन्मही झालेला नाही त्याच्या भरवशावर सुट्टीचा अर्ज करू नये.

वाऱ्याचं मात्र वेगळं आहे. वारा इथला, आजचा, या टेकडीचा असतो. जगभराची वाऱ्याची मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा आहे. त्या एका चौकोनात आमचा किनारा, मागचा कडा, ओढ्यांची खोरी आणि आतली शेतं सगळं एकत्र येतं. रात्री जमीन गार झाली की पहाटे खोऱ्यांतून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. लाटेला तोच हवा असतो, कारण तो तिला थोपवून उभी धरतो. अंदाजात त्या वेळी ‘वायव्येचा, हलका’ असं लिहिलेलं असताना प्रत्यक्षात रिबेराच्या तोंडाशी नऊ वाजेपर्यंत पूर्वेची झुळूक असल्याचं मी कितीतरी वेळा बघितलं आहे. हा कुणा एका कंपनीचा दोष नाही, चौकोनाच्या आकाराची मर्यादा आहे. राहायला जाणाऱ्याने ती भरून काढायची असते : गावात पोचल्यावर पहिले काही आठवडे अंदाज आणि प्रत्यक्ष वारा शेजारी शेजारी लिहायचा. पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या पर्यटकाला हे जमत नाही. तिथे राहणाऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर नोर्तादा वाहतो, उत्तरेचा वारा. अटलांटिकवर आझोरेस बेटांजवळचा उच्च दाब, स्पेन-पोर्तुगालच्या तापलेल्या जमिनीवर कमी दाब, आणि त्या दोहोंच्या मधून तो किनाऱ्याला समांतर घुसतो. सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळ होईपर्यंत सोडत नाही. लाटेचा चेहरा तो पार विस्कटून टाकतो. शिवाय वरचं ऊन लागलेलं पाणी तो किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालून गार पाणी वर येतं, म्हणून जुलैत, कडक उन्हातही, इथे वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख, लागतो. हिवाळ्यात पाणी चौदा-पंधरा अंशांवर, उन्हाळ्याच्या शेवटी अठरा-एकोणीसवर. सर्फलाइनवर पाण्याचं तापमान आणि कुठला वेटसूट घालावा हेही लिहिलेलं असतं. कपड्यांचा खर्च धरायचा असेल तर वर्षभराचं हे तापमान आधीच टिपून ठेवा. हिवाळ्यात मी ४/३, म्हणजे धडावर चार आणि हातापायांवर तीन मिलिमीटर जाडीचा सूट घालते आणि तासाभराने तरी कुडकुडते.

आता घड्याळाकडे येऊ, कारण मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः इथे आहे. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर सकाळ चांगली असते : रात्रीचा मतलई वारा उरलेला असतो आणि समुद्रावरून येणारे खारे वारे अजून सुटलेले नसतात. म्हणून तुमची नोकरी तुमची सकाळ खाते की संध्याकाळ, हे गावाच्या नावापेक्षा महत्त्वाचं. न्यूयॉर्कची वेळ पाळणाऱ्या माझ्यासारखीने कोस्टारिकात जायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं? पाणी कोमट, लाटा वर्षभर, निसर्ग डोळे निवतील असा. पण तिथे न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे अमेरिकेतल्या उन्हाळ्यात सकाळचे सात, हिवाळ्यात आठ. सूर्य पाच-साडेपाचच्या पुढेमागे उगवतो. पाण्यात मिळणार तास-दीड तास, तोही घड्याळ बघत, आणि काम संपेपर्यंत वारा समुद्रावरून वाहायला लागलेला. निकाराग्वाचा नैर्ऋत्य किनारा, पोपोयोच्या आसपासचा, याच वेळेच्या पट्ट्यात आहे, पण तिथे मागे भलंमोठं निकाराग्वा सरोवर आहे. त्यावरून येणारा पूर्वेचा वारा वर्षातला बराच काळ दिवसभर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तिथे सकाळी सात ते दुपारी तीन काम करून चार वाजता पाण्यात उतरलं तरी लाट साबूत असते. नोकरी तीच, घड्याळ तेच, किनारा मात्र जुळतो. दोन्ही देशांतली दोन-दोन ठिकाणं ॲपवर जतन करून दुपारी चारचा रकाना महिनाभर बघा, फरक आपोआप दिसेल.

बालीत न्यूयॉर्कची नोकरी म्हणजे रात्रपाळी. रात्री नऊ-दहाला बसायचं आणि पहाटे उठायचं. काही जण करतात. पहाटे काम संपवून थेट पाण्यात जातात आणि मग झोपतात. वर्षभर शरीराला ते झेपेल का, हे ज्याचं त्याने बघावं. मला झेपलं नसतं. ऑस्ट्रेलियाच्या वेळेने काम करणाऱ्याला मात्र बाली सोयीचं पडतं. तिथे एका बेटावर दोन बाजू आहेत हे लक्षात ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचे व्यापारी वारे असतात, तेव्हा उलुवातू, चांगू ही पश्चिमेची बाजू चालते. नोव्हेंबर ते मार्च वारा पश्चिमेकडून, तेव्हा केरामास, सानूर ही पूर्वेची. श्रीलंकेतही असंच : थंडीच्या महिन्यांत वेलिगामाचा दक्षिण-नैर्ऋत्य किनारा, मेपासून सप्टेंबरपर्यंत पूर्वेचा अरुगम बे. तिथे वर्षभराचा भाडेकरार एका जागी करायचा म्हणजे अर्धं वर्ष चुकीच्या किनाऱ्यावर काढायचं. ऋतूचा हा हिशेब ॲप उघडून वर्षभर बघितला तर आरशासारखा समोर येतो, आणि घरमालकाशी बोलताना सहा महिन्यांचा करार मागायचं बळ येतं.

माझ्या नवऱ्याची गोष्ट उलट आहे, आणि त्याच्या नजरेने बघितलं तर एरिसेरा मध्यम दर्जाचंच गाव. हिवाळ्यात तो साडेचारला सुटतो; डिसेंबरात सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. बोर्ड गाडीवर चढवेपर्यंत उजेड गेलेला. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड, पण वर सांगितलेला वारा. त्याच्यासारखी नोकरी असलेल्यांना मी पेनिशे सुचवते, इथून उत्तरेला. ते भूशिर आहे. एक किनारा उत्तरेकडे तोंड करून, दुसरा दक्षिण-नैर्ऋत्येकडे. आमच्याकडे उत्तरेचा वारा लाट मोडतो त्याच वेळी तिथल्या सुपरतुबोसवर तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. सुपरतुबोसची लाट शिकाऊ माणसासाठी नाही, जड आहे, पण भूशिराच्या आडोशाला सोप्या जागाही आहेत. सर्फलाइनवर पेनिशे आणि एरिसेरा यांचा जुलै महिन्यातला संध्याकाळी सहाचा रकाना शेजारी ठेवून बघितला तर एका दुपारीच निर्णय होतो. आम्ही तो केला आणि माझ्या सकाळीचं पारडं जड ठरलं. नवरा शनिवार-रविवारी फोझ दो लिझांद्रोच्या वाळूवर शिकतो आणि त्यात आनंदी आहे.

भरती-ओहोटीचा आलेख हा ॲपमधला मला सर्वांत आवडणारा भाग. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे सगळ्यांना माहीत असतं. फारसं कुणी बघत नाही ते असं, की एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची भरती घड्याळाच्या ठरावीक वेळेलाच येते. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला असते आणि भरती दुपारी तीन-चारला. मधल्या दिवसांत, भांगाच्या भरतीला, उलट. उधाणात इथे पाण्याची पातळी तीन मीटरहून जास्त वरखाली होते, म्हणजे खडक उघडे पडतात आणि एकाच जागी दोन वेगवेगळ्या लाटा भेटतात. माझी मोकळी वेळ सकाळची, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत मला कायम खडकाळ, उथळ, वेगवान लाट मिळणार आणि भांगाच्या दिवसांत भरलेली, मऊ. हे कुठलंही गाव निवडताना आधीच कळू शकतं आणि ते बदलत नाही. ज्यांना उथळ खडकाची भीती वाटते त्यांनी हे नक्की बघावं. मी पंधरा दिवसांच्या मीटिंगा याच आलेखावरून लावते : भांगाच्या दिवसांत सकाळी घरची कामं, बँक, सरकारी कागद, उधाण जवळ आलं की सकाळ मोकळी.

मार्चमध्ये एक गंमत होते. अमेरिका आपलं घड्याळ युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे करते, तेवढे दिवस माझं ऑफिस एकला सुरू होतं. बरोबर तेव्हाच हिवाळ्याचा मोठा स्वेल थोडा नरमलेला असतो आणि दिवस लांबत असतो. तो तास मला दरवर्षी खटकतो.

आता जे मला पटत नाही ते. सर्फलाइन प्रत्येक वेळेला एक शेरा देते, ‘व्हेरी पूअर’पासून ‘एपिक’पर्यंत, रंगांसकट. घाईत बघायला सोयीचं आहे. पण स्वेल, वारा, भरती सगळं एका शेऱ्यात कालवलं जातं. मॅजिकसीवीडच्या जुन्या ताऱ्यांमध्ये एक साधी गोष्ट होती : काही तारे भरीव, काही फिकट. फिकट ताऱ्यांचा अर्थ, लाटेत दम आहे पण वारा बिघडवतोय. राहणाऱ्या माणसाला ते फार उपयोगी होतं, कारण वारा पडेपर्यंत तो थांबू शकतो. पर्यटकाला शेरा पुरतो, रहिवाशाला कारण हवं असतं. म्हणून माझा सल्ला, शेऱ्याची पट्टी बघू नका, खालचे आकडे उघडा. शेरा तुमची पातळीही ओळखत नाही. इथे जानेवारीत चार मीटर, १६ सेकंदांचा स्वेल येतो, उत्तरेला नाझारे गावापाशी समुद्राखालच्या दरीमुळे लाटांचे डोंगर उभे राहतात आणि जगभर बातम्या येतात. त्या दिवसाला रंग सुंदर असतो. माझ्यासारख्या मध्यम दर्जाच्या सर्फरसाठी तो कड्यावरून बघायचा दिवस आहे. हिवाळ्यात असे दिवस भरपूर येतात, आणि ‘वर्षभर लाटा’ असं कुठे वाचलं तर त्यातले किती आपल्या आवाक्यातले हेही मोजायला हवं.

कॅमेऱ्यांसाठी मात्र पैसे वसूल होतात. सदस्यांना मागच्या काही दिवसांचं चित्रीकरणही बघता येतं. निघण्याआधीच्या महिन्यांत मी रोज सकाळी एखाद्या किनाऱ्याचा कॅमेरा उघडून पाण्यातली डोकी मोजायचे. मॉडेल गर्दी सांगत नाही. एका टोकावरून सुटणारी लाट आणि त्या टोकाशी चाळीस माणसं, असं असेल तर परिपूर्ण स्वेलमध्येही तुमच्या वाट्याला दोन लाटा. आणि ती माणसं कुठे बसतात, कोण आधी निघतं, कुणाला वाट सोडली जाते, हे बघत राहिलं की त्या जागेचे रीतिरिवाज पोचायच्या आधीच थोडे समजतात. स्थानिकांच्या किनाऱ्यावर आपण राहायला येतो, तेव्हा पहिले काही महिने टोकापासून लांब बसावं, बाजूच्या लाटा घ्याव्यात, हे मी त्या चित्रांतूनच शिकले. कॅमेऱ्यात अजून एक दिसतं : मंगळवारी सकाळी दहाला किती गर्दी आणि रविवारी दहाला किती. नोकरदाराची मोकळी सकाळ आठवड्यातल्या कामाच्या दिवशी येत असेल तर तिची किंमत दुप्पट.

जे ॲप सांगणार नाही त्याची यादी मोठी आहे. दोनच गोष्टी लिहिते. समुद्राजवळच्या जुन्या घरांना इथे सहसा मध्यवर्ती हीटिंग नसतं आणि हिवाळ्यात भिंतींना ओल धरते. घर बघायला जानेवारी-फेब्रुवारीत जा, कपाटांच्या मागे हात फिरवा. लॅपटॉप, कागदपत्रं आणि वेटसूट तिन्ही एकाच खोलीत ठेवायची वेळ येणार असेल तर ओल शोषणारं यंत्र आधी घ्या. दुसरं, कागदपत्रं. पोर्तुगालने परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी डी-८ व्हिसा ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला. त्यासाठी मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या निदान चौपट लागतं. किमान वेतन दरवर्षी वाढतं, त्यामुळे आकडा ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचाच धरा. आणि तुमच्या कंपनीला त्या देशातून काम केलेलं चालतं का, कर कुठे भरायचा, हे लेखी घेतल्याशिवाय घराचा करार करू नका.

सर्फलाइनच्या जोडीला मी विंडगुरू ठेवते, चेक प्रजासत्ताकातलं. दिसायला रुक्ष, नुसता आकड्यांचा रंगीत तक्ता, पण एकाच जागेसाठी वाऱ्याची वेगवेगळी मॉडेलं एकाखाली एक दाखवतं. ती सगळी एकच सांगत असतील तर मी गजर लावते. प्रत्येकाचं वेगळं असेल तर सकाळी खिडकी उघडून ठरवते. स्वेल सर्फलाइनवरून, वारा विंडगुरूवरून, आणि खात्री कॅमेऱ्यावरून, अशी माझी वाटणी झाली आहे.

पैसे भरावेत का? गाव अजून ठरलेलं नसेल तर हो, निदान त्या शोधाच्या काळापुरते तरी. चित्रीकरण आणि लांबचा अंदाज यांचा खरा उपयोग तेव्हाच आहे. आधी एवढं बघून घ्या की तुमच्या मनातल्या किनाऱ्यांवर सर्फलाइनचा कॅमेरा आहे का; काही देशांत दाट आहेत, काही ठिकाणी मैलोन् मैल एकही नाही. कॅमेरा नसेल तर मोफत आवृत्ती आणि विंडगुरू पुरेसं आहे. गावात स्थिरावल्यावर मी सदस्यत्व चालू ठेवलं ते भरतीच्या आलेखासाठी नाही, तो कुठेही मिळतो. उठल्या उठल्या अंधारात कॅमेऱ्यावर पहिला उजेड येताना बघून रिबेराला जायचं की लिझांद्रोला, हे ठरवता येतं म्हणून. माझ्याकडून पाचपैकी चार. राहिलेला एक तारा, शेऱ्याच्या जागी कारण दाखवायला लागतील तेव्हा.